शिंगराचा खुंट

तार घरी येऊन पडली तेव्हा मी अकोल्यातच, भर उन्हात, एका घोड्याच्या डाव्या डोळ्याखाली बघत उभा होतो. हौस म्हणून नव्हे. आदल्या आठवड्यात अमरावतीहून वासुदेवचा एक पक्षकार इथल्या कोर्टात तारखेला आला होता आणि त्याच्या तोंडी निरोप होता : ‘मास्तरले सांगजा, तुमच्या गावात त्या कापसाच्या जिनवाल्या शेटकडे नवा विलायती घोडा आला म्हणते. जाऊन पाहा. डाव्या डोळ्याखाली नीट पाहा.’ निरोप ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. कारण ज्या घोडीसाठी हा घोडा बघायचा होता ती शेवंती विशी ओलांडून गेलेली. जनावरांच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगून टाकलं होतं की वकीलसाहेब, आता हिला सुखानं दाणा खाऊ द्या, हिच्या पोटी काही यायचं नाही. तरी मी गेलो. शेटजींच्या माणसानं घोडा बाहेर काढला, मी चश्मा पुसून डोळ्याखाली पाहिलं, छातीवर पाहिलं, मागच्या पायांवरून हात फिरवला. घोडा निर्दोष होता. त्यानं माझा संताप आणखीच वाढला. घरी येईपर्यंत मी वासुदेवला ऐकवायचं भाषण मनात तयार करत होतो, आणि चांगलं जमलंही होतं. दारात बायको तार हातात धरून उभी होती.

ते भाषण राहूनच गेलं. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, पण वासुदेव देशमुखाविषयी मी नुसतं चांगलंचुंगलं लिहिलं तर त्याला ओळखणारे हसतील, आणि तो स्वतः सगळ्यात आधी हसला असता. तेव्हा ते भाषण मी इथेच करून टाकतो.

अमरावतीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी गणिताचा मास्तर होऊन अकोल्याला आलो आणि तो वकील होऊन तिथेच राहिला. दर्यापूरकडे घरची काळी जमीन होती, पूर्णेच्या काठाची. ती भाऊ बघायचे. वासुदेवच्या वाट्याला वडिलांकडून आली ती घोड्यांची आवड. कोर्टात हा माणूस विजेसारखा. समोरचा वकील खाकरून उभा राहीपर्यंत याचा मुद्दा मांडून झालेला असे. घरातही तसाच. थोरल्या कुसुमचं स्थळ पाहायला तो अकोल्याला आला, माझ्याबरोबर जेवला, दुपारी मुलगा पाहिला आणि संध्याकाळच्या गाडीनं सुपारी फोडून परत गेला. मी म्हटलं, अरे, जरा चौकशी? तर म्हणाला, ‘पोराचा बाप खोटं बोलत नाई, पोट्टा नजर चोरत नाई. अजून काय पाह्यचं?’ आणि त्याचा अंदाज बरोबर निघाला. कुसुम सुखात आहे. असा हा माणूस. आणि याच माणसाला आपल्या घोडीसाठी एक घोडा ठरवता आला नाही. सुमित्रावहिनी, म्हणजे त्याची बायको, पाहुण्यांसमोर बेधडक म्हणायच्या, ‘पोरीले एका दुपारात देऊन आले, अन् घोडीले नवरदेव सापडून नाई राहिला.’ वासुदेव मिशीतल्या मिशीत हसायचा, आणि विषय संपायचा.

शेवंती होतीच तशी. सबज्या, म्हणजे पांढुरक्या करड्या रंगाची, उन्हात उभी केली की अंगावर शेवंतीच्या पाकळ्यांसारखी झाक यायची. तिची आई हरणी वासुदेवच्या वडिलांनी काठेवाडी सौदागराकडून घेतली होती. हरणी गेली, मागे शेवंती राहिली, आणि वासुदेवच्या मनानं घेतलं की हिच्या पोटचं एक शिंगरू हवं. साध्या घोड्याचं नको. अस्सल इंग्रजी रक्ताचं, शर्यतीच्या मैदानावरचे लोक ज्याला थरोब्रेड म्हणतात त्याचं. आईची काटकता आणि बापाची धाव. कल्पना उत्तम होती, मीसुद्धा मान डोलावली होती. त्यांच्या घरी एक रीत होती. घोडीला घोडा दाखवायचं ठरलं, की तिच्या खुंटाशेजारी, हातभर अंतरावर, बाभळीचा एक लहान खुंट ठोकायचा. तो येणाऱ्या शिंगराचा. आणि एकदा ठोकला की शिंगरू बांधलं जाईपर्यंत घरच्या माणसानं तो उपटायचा नाही. वासुदेवनं तो खुंट ठोकला. कुठे, तर तबेला आणि मागचं दार यांच्या बरोबर वाटेत, कारण शेवंतीचा खुंटच तिथे होता. त्या दिवसापासून त्या घरात जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला त्या खुंटाची ठेच लागली आहे. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख त्यानंच गेलं.

घोडा निवडायच्या वासुदेवच्या दोन पद्धती होत्या, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. एक वडिलोपार्जित : अंगावरचे भोवरे पाहायचे. घोड्याच्या केसांना जिथे जिथे पीळ पडतो तिथे काही ना काही लिहिलेलं असतं, असं जुने लोक मानतात. छातीवरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ, कारण तो धन्याला रडवतो. पायावरच्या केसांचं टोक खाली वळलं तर खुंटेगाड, तो घोडा घर बसवतो. वर वळलं तर खुंटेउपाड, तो घर उठवतो. दुसरी पद्धत इंग्रजी : मुंबईहून मागवलेली जाड बाडं उघडायची आणि घोड्याचं घराणं पाहायचं, बाप कोण, आजा कोण, आईकडून कोण. आता यातली कुठलीही एक धरा, घोडा मिळतो. इंग्रज साहेब दुसरीवर चालतो, आपले पाटील पहिलीवर, आणि दोघांच्याही तबेल्यात शिंगरं हुंदडतात. यानं दोन्ही धरल्या. विलायतेत घोडा पैदा करणाऱ्याला आसूढाळ म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यामुळे जो घोडा घराण्यानं खरा तो भोवऱ्यानं खोटा, आणि जो भोवऱ्यानं खरा त्याच्या घराण्यात काही तरी खोट निघालेली. मी गणिताचा माणूस. मी त्याला एकदा कागदावर मांडून दाखवलं की अशा दोन अटी एकत्र लावल्यास उत्तर शून्य येतं. तो म्हणाला, ‘मास्तर, शून्य हे पण उत्तरच असते ना?’

पहिला घोडा अमरावतीतच होता, सरकारी. लोकांच्या घोड्या सुधाराव्यात म्हणून सरकारनं ठेवलेला, उंचापुरा, तांबड्या-काळ्या कुमाईत रंगाचा. साहेबांशी बोलणं झालं, शेवंती माजावर आली, तिला न्हाऊमाखू घालून नेली. मी नाताळच्या सुटीत... नाही, नाताळ नसावा, उन्हाळ्याच्या तोंडीच असणार, कारण शाळेच्या परीक्षा सोडून मी आलो होतो, हे पक्कं आठवतं. वासुदेव घोड्याजवळ गेला, त्याचं तोंड उन्हाकडे वळवलं, डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं आणि मोतद्दाराला म्हणाला, ‘सदू, घोडी फिरव.’ सदू मोतद्दार असा, की मालकानं म्हटलं भोवरा आहे तर त्याला दोन दिसायचे. तो म्हणाला, ‘हो मालक, चांगला ठसठशीत हाये.’ मला तर नुसती माशी बसलेली दिसली. आम्ही शेवंतीला घेऊन परत आलो. घरी वहिनींनी शिऱ्याची तयारी केली होती. तो आम्ही खाल्ला.

दुसरा माझ्याच गावचा. अकोल्याच्या एका रुईवाल्यानं शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा आणला होता. मी स्वतः जाऊन पाहिला. डोळे स्वच्छ, छातीवर देवमण, पायावर खुंटेगाड. मी हर्षानं कळवलं. शेवंतीला मजलदरमजल करत मूर्तिजापुरावरून चालवत आणलं, वासुदेव आगगाडीनं आला. घोडा पाहिला, खूश झाला, त्याच्या मानेवरून हात फिरवला. मग माझ्या ओसरीवर बसून घराण्याचं बाड उघडलं, आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. शेवटी म्हणाला, ‘नाई जमत. याच्या मायकडचे घोडे खांद्यानं लय रुंद. असं शिंगरू अडते.’ मी म्हटलं, तुला पुस्तकात बसून खांदे दिसले? ‘दिसते, मास्तर. पाहणाऱ्याले दिसते.’ शेवंती माझ्या अंगणात उभी होती आणि रस्त्यानं जाणाऱ्या टांग्याच्या प्रत्येक तट्टाला हाका मारत होती. तिचं मत कोणी विचारलं नाही. तेव्हा मला ती खांद्यांची गोष्ट निव्वळ सबब वाटली. सबबी ऐकण्यात मास्तराचा जन्म जातो, त्याला त्या लगेच ओळखू येतात असा त्याचा समज असतो.

असे किती झाले ते मी मोजलं नाही, पण मधे वर्षं गेली. शेवंती एव्हाना शिंगराची आई होण्याच्या वयाच्या दुसऱ्या टोकाला आली होती. शेवटचा म्हणावा असा घोडा शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा-बागायतदाराकडे होता. हे रावसाहेब माझ्या विद्यार्थ्याचे वडील, म्हणून सगळी जुळवाजुळव मीच केली. भोवऱ्यांची खात्री करून घेतली, घराण्याचे कागद आधीच वासुदेवकडे पाठवले. त्यानं पसंतीही कळवली! सदू शेवंतीला घेऊन मोर्शी-वरुडच्या वाटेनं पुढे गेला, आम्ही मोटारीनं मागून. रावसाहेबांनी बागेत बसायला बाजा टाकल्या होत्या, रोडगे भाजायला घातले होते. संत्र्याला बहर आलेला, सगळीकडे वास. घोडा बाहेर आला आणि शेवंतीशेजारी उभा राहिला. देखणा होता हो... शेवंती त्याच्यापुढे एवढीशी दिसत होती, पण कान टवकारून उभी होती, पळत नव्हती. वासुदेव दोघांकडे पाहत राहिला. मग उकिडवा बसला, घोड्याच्या मागच्या पायावरून हात फिरवला आणि उठून रावसाहेबांना म्हणाला, ‘माफ करा. खुंटेउपाड आहे.’

मी तिथल्या तिथे फुटलो. रावसाहेब, त्यांचे गडी, सगळे ऐकत होते. मी म्हटलं, ‘वासुदेव, म्या सोता पाह्यला हा पाय. अन् असला तरी काय बे? पायाचे केस कोन्या बाजूले वळते त्यावर जगरहाटी चालते काय?’

‘तुले नाई समजत, मास्तर. हा घोडा खुंट उपटते.’

‘तुह्या घरी खुंटाले बांधाले काही हाये काय, उपटाले?’

त्यानं शेवंतीची दोरी सदूच्या हातून स्वतः घेतली आणि बागेबाहेर चालू लागला. रोडगे तसेच राहिले. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. खरंच होतं ते. पण त्यानंतर वर्षभर आम्ही एकमेकांच्या गावी गेलो नाही.

मग वहिनी कुसुमकडे बारशाला अकोल्याला आल्या आणि तिथे मला गाठून म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमी काहून रुसून बसले? त्याईले तुमच्याशिवाय कोन हाये?’ मी माझा पाढा वाचला. सरकारी घोडा, रुईवाल्याचा घोडा, शेंदूरजना. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘तुमाले हरणी कशी गेली ते मालूम नाई?’ मला मालूम होतं. पोटशूळ उठून मेली. मी तेव्हा कॉलेजसाठी नागपूरला होतो, वासुदेवनं तसंच सांगितलं होतं. वहिनींनी मान हलवली. ‘शेवंतीच्या वक्ताले विताना गेली ती. आमचं लगन नवंच होतं. मामंजींनं म्हटलं, या खेपेले घोडा तू पसंत कर. हे गेले, एका सकाळी पाह्यला अन् त्याच सकाळी ठरवला. लय उंच विलायती घोडा. हरणी दिवसभर अडली, भाऊजी. दिवसभर हे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. शिंगरू निंघालं, हरणी उठली नाई. अन् वरून त्या वक्ताचा मोतद्दार याईले म्हणते, मालक, घोड्याच्या मागच्या पायाले खुंटेउपाड होता, तुमी पाह्यला कसा नाई?’ त्यांनी पदर सारखा केला. ‘तवापासून हे पाहूनच राहिले.’

आता वाचकांना वाटेल की हे ऐकून माझं मन विरघळलं असेल. माझा राग दुप्पट झाला. अरे गृहस्था, एका बाकावर बसलेल्या मित्राला तू पोटशूळ सांगतोस? एवढी वर्षं तू मला आसूढाळ आणि देवमण आणि विलायती आज्या-पणज्या ऐकवल्यास, मला उन्हातान्हात घोड्यांच्या पायाशी बसवलंस, आणि खरं कारण दोन शब्दांचं होतं? ‘भीती वाटते.’ एवढं बोलला असतास तर आपण काही मार्ग काढला असता. अंगानं बेताचा घोडा शोधला असता. डॉक्टरला आधीपासून घरी बसवलं असतं. किंवा सरळ म्हटलं असतं की नको, शेवंती आहे तेवढी पुरे, आणि तो खुंट उपटून चुलीत घातला असता. यातलं काहीही चाललं असतं. पण याला शिंगरूही हवं होतं आणि शेवंतीच्या केसालाही धक्का नको होता, आणि या दोहोंच्या मधे तो घोड्यांचे भोवरे चाचपत बसला. घोड्याची चूक सापडली की सुटल्यासारखा श्वास टाकायचा, ते मला आता आठवतं. तेव्हा मला वाटायचं उन्हानं दमला असेल.

संक्रांतीला मी अमरावतीला गेलो. तीच आमची शेवटची भेट ठरली. तबेल्यात तो शेवंतीच्या आयाळीत अडकलेली कुसळं काढत होता. ती आता पाठीत वाकली होती, डोळ्यांवरचे खळगे खोल गेले होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं, ‘वासुदेव, तुले भेव वाटते काय?’ त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, ‘कायचं?’ म्हटलं, हरणीचं. कुसळं काढणारा हात थांबला... मला वाटलं, आता बोलेल. खरंच वाटलं. शेवंतीनं त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं. तिला ढकलत तो म्हणाला, ‘भेव कायचं बावा? चांगला घोडा भेटला पायजे, बस.’ आणि मग मला तिळगूळ द्यायला घरात घेऊन गेला. जाताना मला खुंटाची ठेच लागली, आणि तो मागून म्हणाला, ‘पाहून चाल ना बे.’

होळी झाली, उन्हं तापली, आणि मग तो निरोप आला. त्यानंतरची तार. छातीत कळ आली आणि संपला, एवढंच. कोर्टातून येऊन पगडी काढत होता. त्याचा निरोप माझ्या कानात ताजा होता आणि उत्तर तोंडावर. घोडा निर्दोष आहे, गाढवा. अंगानंही बेताचा आहे, काही उंच नाही. हे मी कुणाला सांगणार होतो?

तेरावं झाल्यावर पुन्हा अमरावतीला गेलो. कुसुमच्या सासरचे शेवंतीला आपल्या मळ्यात घेऊन जाणार होते. वहिनी तबेल्याच्या दारात उभ्या होत्या. मी सवयीनं मागच्या दारातून तिकडे निघालो आणि सवयीनंच अंगठा आपटला. तोंडातून वासुदेवच्या नावानं एक सणसणीत शिवी निघाली, वहिनींसमोर. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘काढून टाका तो, भाऊजी. रिकामा खुंट घरच्यानं उपटू नाई म्हणते. तुमी बाहेरचे.’

मी बाहेरचा! ठीक आहे, म्हटलं. धोतराचा सोगा खोचला, दोन्ही हातांनी खुंट धरला. इतक्या वर्षांचा रुतलेला, निघेल तेव्हा निघेल अशा तयारीनं पाय रोवले, आणि जोर लावला तर तो सहज वर आला आणि मी मागच्या मागे बसलो. हातात पाहिलं. वरचा भाग उन्हानं पिवळा पडला होता, पण जमिनीतलं टोक ओलं होतं. बाभळीची साल तशीच, हिरवट, चिकटलेली. वाळवीचा मागमूस नाही.

‘हा जुना नाही,’ मी म्हटलं.

‘दरसाली सदूच्या हातानं जुना काढून नवा ठोकतच होते ना. वाळवी लागते. हा होळीनंतर ठोकला यंदा. म्या म्हटलं, डागदर नाई म्हणते, आता कायले? तर मले म्हणे, असू दे, मास्तरले घोडा पाहाले सांगून राहिलो.’ मग त्यांनी विचारलं, ‘कसा होता भाऊजी तो घोडा?’

‘चांगला होता.’

‘काही खोड?’

‘नाही वहिनी. एकही नव्हती.’

शेवंती आपल्या खुंटाशी उभी राहून आमच्याकडे बघत होती, आणि एवढ्यात तिनं मान लांब करून माझ्या हातातला तो ओला खुंट हुंगला. मी उठलो. कोपऱ्यात पाट्याचा एक फुटका वरवंटा पडला होता, तो उचलला, टोक पुन्हा त्याच भोकात धरलं आणि ठोकायला लागलो. घाम येईपर्यंत ठोकला. कशासाठी, ते मला विचारू नका. मी त्या घोडीचं वय जाणतो आणि मला गणित येतं.

वहिनी डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, ‘मंग जरा बाजूले तरी ठोका ना भाऊजी, पायात येते.’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तिथंच.’